पाळला की माणसाळला?

मागच्या व्याख्यानात आपण अग्नीपाशी थांबलो होतो. आज त्या शेकोटीच्या उजेडाच्या कडेला जो येऊन बसला, त्याच्याविषयी बोलू. म्हणजे कुत्र्याविषयी.

सुरुवात शब्दांपासून करतो, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याची ती खोडच असते. 'माणसाने कुत्रा पाळला' असं आपण म्हणतो, आणि 'कुत्रा माणसाळला' असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात कर्ता माणूस आहे. दुसऱ्यात कर्ता कुत्रा. माणूस क्रियापदाच्या पोटात जाऊन बसलेला. एकाच घटनेच्या या दोन निराळ्या कथा आहेत, आणि अभ्यासकांचे दोन पक्ष बरोबर या दोन क्रियापदांवर उभे आहेत.

आधी वंशाचा प्रश्न उरकून टाकू. कुत्र्याचे पूर्वज एकाहून अधिक जातींचे असावेत, असं डार्विनला वाटत होतं. कोनराड लोरेन्झ तर पुष्कळशा कुत्र्यांचं मूळ कोल्ह्यात शोधत होता. ते मत त्याने पुढे सोडलं. डीएनएने वाद मिटवला. कुत्रा हा करड्या लांडग्याचाच वंशज, पण आजच्या लांडग्याचा नव्हे, तर हिमयुगातल्या, आज नामशेष झालेल्या लांडग्यांचा. आणि लक्षात घ्या, गाय, शेळी, मेंढी या सगळ्यांच्या कितीतरी आधी तो माणसाजवळ आला. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं.

आता पहिली कथा. कुणा शिकाऱ्याने गुहेतून लांडग्याची पिल्लं आणली, वाढवली, शिकारीला आणि राखणीला वापरली. ऐकायला सोपी आहे, पण तिच्यात तर्काचा एक दोष आहे. कुत्रा उपयोगी असतो हे आपल्याला माहीत आहे, कारण आपण कुत्रा पाहिलाय. त्या माणसाने नव्हता पाहिला. त्याच्यापुढे होता तो लांडगा, त्याच्याच शिकारीतला वाटेकरी. फळ पुढचं आणि हेतू मागचा, असं उलटं गणित इतिहासात फार चालतं.

दुसरी कथा रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी मांडली. जे लांडगे जरा कमी भित्रे होते ते माणसाच्या उकिरड्यावर येऊ लागले, तिथे पोट भरलं, त्यांचीच संतती वाढली. माणसाने काही केलंच नाही! छान आहे, पण उकिरडा साठायला वस्ती स्थिर लागते, आणि हे तर भटके शिकारी. त्यावर २०२१ मध्ये फिनलंडच्या मारिया लाहतिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्तिवाद केला. हिमयुगातल्या कडक हिवाळ्यात शिकार मिळे, पण ती रोडावलेली, चरबी नसलेली. माणसाचं यकृत नुसती प्रथिनं एका मर्यादेपलीकडे पेलू शकत नाही, लांडग्याचं पेलतं. म्हणजे ज्याचा आपल्याला उपयोग नाही ते मांस लांडग्याला टाकता येत होतं, आणि स्पर्धा तेवढ्यापुरती थांबत होती. मला हा विचार पटण्याजोगा वाटतो. सिद्ध झालाय असं मात्र म्हणणार नाही.

इथे कुणीतरी रशियातल्या कोल्ह्यांबद्दल विचारणार, म्हणून सांगून टाकतो. दिमित्री बेल्यायेव्हने १९५९ मध्ये नोवोसिबिर्स्कला रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. (त्याचा थोरला भाऊ जनुकशास्त्रज्ञ होता, १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने त्याला गोळी घातली. या विषयात हात घालणं सोपं नव्हतं.) दर पिढीत फक्त सर्वांत शांत कोल्हे निवडायचे, एवढाच नियम. काही पिढ्यांतच ते शेपटी हलवायला लागले, पुढे काहींचे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले. ल्युदमिला त्रुत यांनी तो प्रयोग दशकानुदशकं पुढे नेला. पण २०१९ मध्ये दाखवून दिलं गेलं की ते कोल्हे मुळात कॅनडातल्या फरच्या शेतांवर वाढलेल्यांचे वंशज होते, आणि ठिपकेवाले तिथेही होतेच. तेव्हा प्रयोग मोलाचा, पण त्यावर इमारत बेताने बांधावी.

आता ज्यासाठी मी आज हा विषय घेतला, त्याकडे येतो. १९१४ साली जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे, बेसाल्टच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक दफन सापडलं. एक पुरुष, एक तरुण स्त्री, वर तांबडी भुकटी पसरलेली. सोबत काही प्राण्यांची हाडं. त्यातला एक जबडा लांडग्याचा म्हणून नोंदवला गेला आणि कित्येक दशकं तसाच राहिला. १९७०च्या दशकाच्या शेवटी कळलं की तो कुत्र्याचा आहे. वय सुमारे १४,००० वर्षं.

२०१८ मध्ये लुक यान्सेन्स आणि सहकाऱ्यांनी त्याचे दात पुन्हा तपासले. यान्सेन्स स्वतः पशुवैद्य, म्हणून त्यांना जे दिसलं ते इतरांना दिसलं नव्हतं. दातांच्या लुकणावर आडव्या खुणा होत्या. हे पिल्लू मेलं तेव्हा जेमतेम सात महिन्यांचं नव्हतं. साधारण एकोणिसाव्या आठवड्यात त्याला डिस्टेंपर झाला असावा, आणि तीन वेळा ते गंभीर आजारी पडलं होतं. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हा रोग माहीत असेल. ताप, उलट्या, जुलाब, पुढे झटके. आजही त्यावर नेमकं औषध नाही, आहे ती लस आणि शुश्रूषा. कुणी अंग पुसल्याशिवाय, ऊब आणि पाणी दिल्याशिवाय ते पिल्लू तीन आठवडेही काढतं ना. ते त्याहून बरेच अधिक आठवडे जगलं.

हे पिल्लू शिकारीला चालणारं नव्हतं, राखणीलाही नव्हतं. मग त्याला कोण जपत होतं, आणि कशासाठी?

उपयुक्ततावादी म्हणेल, शेतकरी आजारी वासराची काळजी घेतो, कारण पुढे बैल मिळणार आहे. आक्षेप रास्त आहे. पण वासरू मेल्यावर शेतकरी त्याला आपल्या माणसांच्या शेजारी पुरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ओबरकासेलच्या वेळी कुत्रा माणसाळून बराच काळ लोटला होता, तेव्हा हा पुरावा सुरुवातीचा नाही. मान्य. सुरुवात प्रेमातून झाली असं मी म्हणतच नाहीये. माझं म्हणणं मर्यादित आहे. कुत्र्याच्या इतिहासात आपल्याला जो पहिला निःसंशय कुत्रा भेटतो, तो कामाचा नव्हता, आणि तरीही त्याची शुश्रूषा झाली होती. 'आधी अवजार, मग सोबती' हा क्रम पुराव्यात दिसत नाही, तो आपण घालतो.

उत्तर इस्रायलमध्ये ऐन मल्लाहा इथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीचं असंच एक दफन आहे. तिथे म्हाताऱ्या माणसाचा हात चार-पाच महिन्यांच्या पिल्लावर ठेवलेला आहे. आपल्याकडे काश्मीरमध्ये बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वस्तीत माणसांबरोबर पुरलेले कुत्रे सापडले. ते अर्थात फार नंतरचे, शेती करणाऱ्या लोकांचे.

शेळ्या-मेंढ्यांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. तिथे कळप आहे, कुंपण आहे, आणि मालकी आहे. ती पुढच्या वेळी. आता प्रश्न असतील तर घेऊ.