रात्रीचे जेवण आणि सकाळची गोळी

'माका थायरॉइड आसा' हे वाक्य मालवणच्या बाजारात आता मधुमेहाइतकेच सहज कानावर पडते, आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी कारणही सांगून टाकते: रात्री अकराला जेवता, मग दुसरे काय होणार? या निदानात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. उशिरा जेवल्याने थायरॉइड ग्रंथीला आजार जडतो का? आजार नसताना संप्रेरकांची पातळी वरखाली होते का? आणि आजार आधीच असेल, तर उपचार फसतो का? पहिल्याचे उत्तर, आजच्या पुराव्यावर, नाही. दुसऱ्याचे, थोडीफार होते. तिसऱ्याचे मात्र ठाम हो, आणि नेमके तेच कुणी बोलत नाही.

ग्रंथी मंदावण्याची कारणे माहीत आहेत. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर उलटते, हे त्यातले प्रमुख. १९१२ मध्ये जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. दुसरे कारण आयोडीनची कमतरता. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड आटोक्यात येतो हे दिसले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. शस्त्रक्रिया, किरणोत्सर्गी उपचार, काही औषधे ही उरलेली कारणे. या यादीत जेवणाची वेळ कुठेच नाही.

किनाऱ्यावर एक गैरसमज वारंवार भेटतो: आम्ही समुद्राचे मीठ खातो, आम्हाला आयोडीन कमी कसे पडेल? शिरोड्याच्या मिठागरांचा अभिमान रास्त आहे, १९३० च्या सत्याग्रहाने ती इतिहासात गेली. पण समुद्राचे पाणी उन्हात आटवून केलेल्या साध्या मिठात आयोडीन नगण्य असते. दुकानातल्या मिठात ते वरून घालावे लागते, आणि घरापर्यंत पोहोचताना त्याचे प्रमाण दहा लाखांत किमान १५ भाग असावे असा नियम आहे. किनाऱ्याला आयोडीन मिळते ते मिठातून कमी आणि बांगडा, कोळंबी, तिसऱ्या यांतून जास्त, कारण समुद्री जीव ते शरीरात साठवतात. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी २५०. आठ भारतीय शहरांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात थायरॉइड मंदावलेल्यांचे एकूण प्रमाण सुमारे ११ टक्के निघाले. मुंबई, गोवा, चेन्नई या किनारी ठिकाणी ते साडेनऊच्या आसपास होते, आतल्या शहरांत पावणेबाराच्या. फरक आहे, पण समुद्राजवळ राहणे हे कवच म्हणावे इतका मोठा नाही. बायकांमधले प्रमाण पुरुषांच्या तिप्पट होते. घरात पुरुष आणि बायका साधारण एकाच सुमारास जेवतात. तेव्हा ही तिप्पट तफावत घड्याळाने समजावून सांगता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून थायरॉइडला कामाला लावते, आणि या टीएसएचला रात्रंदिवसाची लय आहे. संध्याकाळनंतर ते चढू लागते, मध्यरात्रीनंतर शिगेला पोहोचते, दुपारी तळाशी असते. निरोगी माणसातही एकाच दिवसात ते जवळजवळ दुप्पट होऊ शकते. झोप लागली की या चढणीला लगाम बसतो. रात्रभर जागे ठेवलेल्या माणसांत तो लगाम सुटतो आणि टीएसएच नेहमीच्या रात्रीपेक्षा बरेच वर जाते. जेवणाचा परिणाम उलट दिशेने आहे: खाल्ल्यानंतर काही तास टीएसएच किंचित उतरते. म्हणजे जेवण पातळी खाली ओढते, जागरण वर ढकलते. उशिरा जेवणारा माणूस बहुधा उशिरापर्यंत जागाही असतो, आणि आपण दोष देतो ताटाला.

उपासमारीचे उदाहरण इथे लक्षात घेण्याजोगे आहे. दीड-दोन दिवस पोटात काही गेले नाही, तर टीएसएचची रात्रीची चढण सपाट होते आणि टी-३ हे सक्रिय संप्रेरक घटते. शरीर खर्च आवरते घेते. निरोप पोहोचवणारा दूत लेप्टिन, चरबीच्या पेशींतून निघणारे संप्रेरक. थोडक्यात, थायरॉइडला उशिराच्या जेवणापेक्षा दीर्घ उपवास जास्त जाणवतो. तासाच्या हिशोबाने उपवास विकणाऱ्या मंडळींनी हे ग्राहकाला सांगायला हरकत नाही.

तरी उशिराचे जेवण निर्दोष सुटत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत वजन जास्त असलेल्या १६ जणांना तेच अन्न चार तास उशिरा देऊन पाहिले गेले. भूक वाढली, दिवसा लेप्टिन कमी झाले, ऊर्जेचा खर्च सुमारे पाच टक्क्यांनी घटला. स्पेनमध्ये २०१३ साली ४२० जणांच्या अभ्यासात दुपारचे जेवण तीननंतर घेणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा कमी उतरले. वजन वाढले की टीएसएचही थोडे वर सरकते, वजन उतरले की खाली येते. म्हणून अहवालात आकडा जरासा जास्त दिसला आणि माणूस स्थूल असला, तर थायरॉइडमुळे वजन वाढले की वजनामुळे टीएसएच, हा प्रश्न विचारावाच लागतो. बहुतेक घरांत तो विचारला जात नाही. आकड्याला 'थायरॉइड' हे नाव मिळते, आणि रात्री साडेदहाचा भात तसाच चालू राहतो.

रक्ततपासणीतही हीच लय आडवी येते. संध्याकाळी जाळी घेऊन निघालेला खलाशी पहाटे बंदराला लागतो, मासळी उतरवतो आणि तसाच न झोपता नऊ वाजता रक्त द्यायला जातो. जत्रांच्या मोसमात दशावतारी नट मध्यरात्री आख्यानाला उभा राहतो, उजाडता दहीकाला होतो, आणि त्याची रात्र तेव्हा सुरू होते. दोघांचाही नमुना 'सकाळचा, उपाशीपोटी' म्हणून नोंदला जाईल, पण जागरणामुळे टीएसएच चढलेले असू शकते. उलट तीच तपासणी दुपारी जेवून केली, तर सीमेवरचा आकडा सामान्य दिसेल. काठावरचे निदान एका चाचणीवर करू नये हा नियम सगळीकडे लागू आहे. रात्री काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर चाचणी झोप झालेल्या दिवशी, आणि दर वेळी त्याच सुमारास करायला हवी.

आता तिसरा प्रश्न. थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, लहान आतड्यात शोषली जाते. रिकाम्या पोटीसुद्धा ६० ते ८० टक्केच आत जाते, अन्नासोबत त्याहून कमी. ती विरघळायला जठरात आम्ल लागते. उशिराच्या जेवणाचा खरा फटका इथे बसतो. रात्री अकराला तिखले, तळलेला बांगडा आणि भात, साडेअकराला अंथरूण. छातीत जळजळते. सकाळी उठल्यावर माणूस आधी 'गॅसची गोळी' घेतो, बहुधा पॅन्टोप्राझोलच्या जातीची, आणि त्याच घोटाबरोबर थायरॉइडची. पहिली गोळी आम्ल कमी करते, दुसरीला आम्ल हवे असते. आम्लविरोधी पातळ औषध असेल तर त्यातले अॅल्युमिनियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवते. मग तीन महिन्यांनी टीएसएच चढलेले निघते, मात्रा ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम होते, आणि रुग्ण समजतो की आजार वाढला. आजार होता तिथेच आहे, गोळी पोहोचत नाही. औषधांच्या दुकानात कुणी चिठ्ठीशिवाय गॅसची गोळी मागितली, तर 'थायरॉइडची चालू आहे का' एवढे विचारले गेले तरी पुष्कळ मात्रा वाढण्यापासून वाचतील, असे मला वाटते.

'मग गोळी रात्रीच घ्यावी' हा सल्ला २०१० च्या एका डच चाचणीवर उभा आहे. झोपताना घेतलेल्या गोळीने टीएसएच अधिक चांगले आटोक्यात राहिले. पण त्यात अट आहे: शेवटच्या घासानंतर निदान तीन तास जायला हवेत. साडेसातला जेवणाऱ्याला हे जमते, दहाला जेवणाऱ्याला एक वाजेपर्यंत गोळीसाठी जागावे लागेल. शिवाय जेवणानंतर कॅल्शियमची गोळी घेण्याची सवय अनेक बायकांना असते, आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यापासून थायरॉक्सिन चार तास लांब ठेवावे लागते.

मासळी विकणाऱ्या बाईचे गणित त्या मानाने सोपे आहे. ती चारला उठते, लिलावाला जाण्याआधी पाण्याबरोबर गोळी घेऊ शकते, फक्त दुधाचा चहा बंदरावर पोहोचल्यावर प्यायचा, अर्ध्या-पाऊण तासाने. खलाशाला 'सकाळी' या शब्दाचा उपयोग नाही. त्याने चोवीस तासांतली आपल्या पोटाची सर्वांत लांब रिकामी वेळ कोणती ते पाहावे, ती दुपारच्या झोपेनंतरची असली तरी चालेल, आणि डॉक्टरांना सांगून तीच पक्की करावी. थायरॉक्सिनचे अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे आहे. एखादा दिवस तास-दोन तास पुढेमागे झाल्याने काही बिघडत नाही, रोज वेगळी वेळ आणि रोज वेगळे पोट असेल तर बिघडते.

याच अर्धायुष्यामुळे नवीन वेळ किंवा नवी मात्रा ठरवल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी ६१ दिवसांची, म्हणजे जेमतेम तेवढीच. या काळात यांत्रिक नौकेवरचा खलाशी घरी असतो, आठला जेवतो, रात्री झोपतो. जुलैअखेर काढलेला अहवाल चांगला निघाला तर तो घरच्या दिनक्रमाचा अहवाल आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा बाहेर पडतात. समुद्रावरच्या दिनक्रमात तीच मात्रा पुरते की नाही, हे ऑक्टोबरच्या चाचणीशिवाय कळत नाही.