अँबॅसिडर आणि पद्मिनी : दोघींचीच शर्यत

दोन मोटारींपैकी जोरकस कोणती, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले मोठ्या इंजिनाची मोटार निवडतात. आपल्या रस्त्यांवर अनेक दशके वावरलेल्या दोन मोटारींवरून हे उत्तर तपासून पाहू.

पहिली अँबॅसिडर. मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश मोटारीवरून हिंदुस्तान मोटर्सने ती पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनवली. दुसरी प्रीमियर पद्मिनी. फियाट 1100 या इटालियन मोटारीची ही भारतीय आवृत्ती वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला कारखान्यात तयार होई. कलकत्त्याची टॅक्सी म्हणजे अँबॅसिडर आणि मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरणच होऊन बसले.

इंजिनाची क्षमता म्हणजे दट्ट्या वरून खाली येताना सिलिंडरमध्ये जितके आकारमान मोकळे होते ते, गुणिले सिलिंडरांची संख्या. अँबॅसिडरच्या सिलिंडरचा व्यास 73 मिमी व दट्ट्याची धाव 88.9 मिमी. पद्मिनीत हेच आकडे 68 व 75. दोन्हींत सिलिंडर चार. वृत्तचितीचे सूत्र वापरले की सुमारे 1489 आणि 1089 घनसेंमी ही उत्तरे मिळतात. मुलांना हे गणित जरूर करायला द्यावे.

पेट्रोल अँबॅसिडरची ताकद सुमारे 50 अश्वशक्ती, पद्मिनीची सुमारे 40. म्हणजे अँबॅसिडर पुढे? पण तिचे वस्तुमान सुमारे 1100 किलो, पद्मिनीचे सुमारे 900 किलो. वेग किती चटकन वाढेल हे ताकद आणि वस्तुमान यांच्या गुणोत्तरावर बरेचसे अवलंबून असते. टनामागे अँबॅसिडरला 45 अश्वशक्ती मिळतात, पद्मिनीला 44. जवळजवळ बरोबरी! मोठ्या इंजिनाचा फायदा जड सांगाड्याने खाऊन टाकला.

आता दोन्हींत पाच माणसे, म्हणजे 300 किलो बसवा. गुणोत्तरे 36 आणि 33 होतात. भरलेल्या गाडीत अँबॅसिडर थोडी सरस ठरते. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांची तुलना वेगळी करावी लागते ती यामुळे.

अशी ही शर्यत दोघींचीच राहिली. कारण मोटार बनवायला सरकारी परवाना लागे आणि आयातीवर कडक बंधने होती. गिऱ्हाइके नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत. मग इंजिन सुधारण्याची घाई कोणाला असणार?

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. इंजिन तीन सिलिंडरांचे, केवळ 796 घनसेंमी. ताकद पद्मिनीहूनही थोडी कमी, पण वस्तुमान सुमारे 650 किलो. टनामागे अश्वशक्ती 55 च्या वर गेल्या. सर्वांत लहान इंजिनाची मोटार सर्वांत चपळ ठरली. अँबॅसिडरला अधिक जोमदार, 1.8 लिटरचे इंजिन मिळाले ते त्यानंतर, 1990 च्या दशकात.

पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले, अँबॅसिडरचे 2014 मध्ये. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. तिचे वय वीस वर्षे होते, पण तिचा आराखडा साठ वर्षांपूर्वीचा होता.

दोन वस्तूंची एकमेकींशी तुलना केली की त्यांतली बरी कोणती एवढेच कळते. दोन्ही मागे पडल्या आहेत का, हे कळायला तिसरी वस्तू समोर यावी लागते.