फुलाची आई कोण, बाप कोण?



शेजारणीकडून झेंडूचं बी, जावेकडून जास्वंदीची फांदी, माहेरून अबोलीचं रोप. आपल्या परसातली निम्मी बाग अशीच देवाणघेवाणीतून उभी राहते. कोणतं बी कुणी दिलं, हे आपण तोंडी लक्षात ठेवतो आणि चार वर्षांनी विसरूनही जातो. आज आम्ही अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहोत, जिच्या फुलाची नोंद वेळेवर कागदावर झाली, म्हणून तिचं नाव टिकलं.

ही गोष्ट सिंगापूरची, इंग्रजांच्या राजवटीतली. ॲग्नेस जोआकिम नावाची आर्मेनियन घराण्यातली बाई तिथे राहायची. बागकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या काळी सिंगापुरात घरोघरी दोन जातींची ऑर्किडं असत : व्हँडा हूकेरियाना आणि व्हँडा टेरेस. ॲग्नेसने या दोघांचा संकर केला, म्हणजे एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला लावले. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्याच्या पोटात अन्नसाठा नसतो, त्यामुळे ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. बाटलीत बी रुजवायची पद्धत १९२२ मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधी ॲग्नेसच्या बागेत जांभळट गुलाबी रंगाचं नवं फूल उमललं.

तिने ते फूल सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांना दाखवलं. त्यांनी ते तपासलं आणि १८९३ मध्ये लंडनच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या साप्ताहिकात त्याची माहिती छापली. त्यात फुलाचे आईबाप कोणते ते लिहिलं आणि हा संकर मिस जोआकिम यांनी केला, हेही लिहिलं. फुलाचं नाव ठेवलं ‘व्हँडा मिस जोआकिम’.

१८९९ मध्ये सिंगापूरच्या पुष्पप्रदर्शनात तिला या ऑर्किडबद्दल पहिलं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी जुलैमध्ये ती वारली. फूल मात्र फांद्या लावून लावून गावोगाव पसरलं. पुढे काही जण म्हणू लागले, की तिने संकर वगैरे काही केला नाही, बांबूच्या बेटात आपोआप उगवलेलं झाड तिला सापडलं. सांगायला ती जिवंत नव्हती. १९८१ मध्ये हेच फूल सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं, तरी वाद चालूच होता. तिच्या घराण्यातल्या लोकांनी आणि अभ्यासकांनी रिडलींची ती जुनी नोंद पुन्हा पुढे आणली. अखेर २०१६ मध्ये सिंगापूरच्या सरकारी वारसा मंडळाने हे फूल तिनेच घडवलं, असं मान्य केलं.

ऑर्किडच्या संकरांची यादी १९०६ पासून छापली जाते. १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही नोंदवही सांभाळते. नोंदीची रीत सोपी आहे. जिच्या फुलावर बी धरलं ती आई, तिचं नाव आधी. मग गुणाकाराची फुली. त्यानंतर ज्याचे परागकण आणले त्या बापाचं नाव. आपल्या राज्यातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. फुलांच्या वहीत ही रीत कधीचीच आहे!

हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्याची बँक उभी केली आणि पद्मश्री मिळवली. आपण जास्वंदीपासून सुरुवात करू. सकाळी एका रंगाचे परागकण दुसऱ्या रंगाच्या फुलाला लावा. देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा : आई, बाप, तारीख, करणारीचं नाव. तेच गटाच्या वहीत उतरवा. बियांची रोपं आईसारखीच निघतील असं नाही. मनासारखा रंग मिळाला, की पुढची रोपं फांदीवरूनच करा.

आणि संक्रांतीला वाण म्हणून बियांची पुडी दिलीत, तर पुडीवर बी कुणाच्या परसातलं ते लिहायला विसरू नका.