जुन्या गाड्यांची दुसरी धाव



शर्यतीचा बैल आपण सर्वांनी पाहिला आहे. चार-दोन हंगाम तो मैदाने मारतो. मग एके दिवशी दुसऱ्याच्या दावणीला त्याच्याहून चपळ खोंड येतो आणि याला नांगराला जुंपतात. त्याच्या अंगातली धाव काही संपलेली नसते. फक्त तिचा मान संपलेला असतो. शर्यतीच्या मोटारींचेही असेच होते. अशा उतरत्या गाड्यांसाठी इंग्लंडात १९७८ साली एक स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. तिची हकीकत आज सांगणार आहे.

प्रथम ही मोटार कशी असते ते पाहू. बसायला जागा एकच. चाके चारही उघडी, त्यांवर मडगार्ड नाही. इंजिन चालकाच्या पाठीमागे. अशा गाड्यांच्या सर्वांत वरच्या वर्गाला ‘फॉर्म्युला वन’ म्हणतात. फॉर्म्युला म्हणजे नियमांचा संच. १९६६ पासून या वर्गात तीन लिटरच्या इंजिनाला परवानगी मिळाली. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, हॉलंडमधील झँडव्हूर्टच्या शर्यतीत कॉसवर्थ कारखान्याचे, फोर्डच्या पैशाने तयार झालेले आठ सिलिंडरांचे इंजिन प्रथम उतरले. जिम क्लार्क याने लोटस गाडीतून ती शर्यत पहिल्याच फटक्यात जिंकली. या इंजिनाचे नाव डीएफव्ही.

या इंजिनाची खरी महती पुढे आहे. ते पैसे मोजून कोणालाही विकत घेता येऊ लागले. लोटस, मॅक्लारेन, विल्यम्स, सर्टीज, सगळ्यांच्या गाड्या वेगवेगळ्या, पण पोटात इंजिन तेच. साहजिकच सुटे भाग मिळत, ते उघडून जोडणारे कारागीरही मिळत. म्हणून मोठ्या संघाने टाकलेली गाडी एखादा लहान मालक घेऊन चालवू शके. हे इंजिन नसते तर आजची ही कथाच घडली नसती.

१९७६ आणि १९७७ साली इंग्लंडात निरनिराळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र पळवणारी एक मालिका झाली होती. तिच्यातूनच १९७८ ची ब्रिटिश फॉर्म्युला वन स्पर्धा निघाली. तिला पैसा पुरवला ऑरोरा कंपनीने. ही कंपनी मुलांच्या खेळण्यातल्या मोटारी विकणारी! मैदान भरावे म्हणून खालच्या वर्गातील फॉर्म्युला टू गाड्यांनाही सोबत घेतले होते.

या पहिल्या हंगामाचा विजेता टोनी ट्रिमर. वय पस्तीस. त्याने १९७० साली मोनॅको येथील फॉर्म्युला थ्रीची नामांकित शर्यत जिंकली होती. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता. पण जागतिक स्पर्धेत तेव्हा एक नियम होता. मुख्य शर्यतीपूर्वी प्रत्येकाची वेळ मोजत आणि ठरावीक संख्येबाहेरच्यांना घरी पाठवत. १९७५ ते १९७८ या काळात ट्रिमरने सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा तो बाहेर राहिला. जागतिक स्पर्धेच्या एकाही शर्यतीत त्याला उभे राहता आले नाही.

आता त्याची १९७८ ची गाडी पाहा. ती मॅक्लारेन एम-२३ जातीची होती. ही जात १९७३ साली मैदानात आली. १९७४ साली एमर्सन फिटिपाल्डी आणि १९७६ साली जेम्स हंट या गाडीतूनच जगज्जेते झाले. पण १९७८ साली लोटस ७९ आली. तिच्या पोटाखालचा भाग विमानाच्या पंखाला उलटे करावे तसा घडवला होता. त्याखालून वाहणारा वारा गाडीला जमिनीकडे ओढून धरी आणि ती वळणावर जोरात जाऊनही घसरत नसे. एका हंगामात बाकीच्या गाड्या जुन्या ठरल्या. त्या जुलैत ब्रँड्स हॅच येथे ट्रिमर एम-२३ घेऊन पुन्हा परीक्षेला बसला आणि पुन्हा नापास झाला.

परंतु त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सिल्व्हरस्टोनला काय झाले होते? शर्यत जागतिक स्पर्धेबाहेरची, पण नामवंत चालक हजर होते. पाऊस धो धो कोसळत होता. एकामागून एक मातब्बर घसरून बाद झाले. केके रॉसबर्ग पहिला आला, फिटिपाल्डी दुसरा, आणि तिसरा कोण? आपला ट्रिमर, जुन्या गाडीत!

दुसरी हकीकत डेझिरे विल्सन हिची. ती दक्षिण आफ्रिकेची. ७ एप्रिल १९८० रोजी ब्रँड्स हॅच येथे, याच स्पर्धेत, संघाने टाकलेल्या वुल्फ गाडीतून तिने पुरुष स्पर्धकांना मागे टाकून शर्यत जिंकली. फॉर्म्युला वन गाड्यांची कोणतीही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. त्याच उन्हाळ्यात, त्याच मैदानावर, जागतिक शर्यतीच्या पात्रता फेरीत मात्र ती मागे राहिली. आज तेथील प्रेक्षागाराला तिचे नाव आहे.

मग ही स्पर्धा टिकली का नाही? कारण पाहण्यासारखे आहे. १९७९ चा विजेता रूपर्ट कीगन अ‍ॅरोज ए-१ मधून जिंकला, ती गाडी आदल्या वर्षाची. १९८० चा विजेता एमिलिओ डी व्हिलोटा विल्यम्स एफडब्ल्यू-०७ मधून जिंकला, तीही आदल्याच वर्षी निघालेली आणि नव्या तंत्राची. जिंकायचे तर नवी गाडी हवी, नवी म्हणजे महाग. जुन्या गाडीवाल्याला आशा उरेना. मैदानात गाड्या कमी होत गेल्या. १९८१ साली ही स्पर्धा झाली नाही. १९८२ साली पुन्हा भरली, जिम क्रॉफर्ड जिंकला, आणि तेथे ती थांबली. जुन्यांसाठी मांडलेला डाव नव्यांनी जिंकला, तेव्हा डावच मोडला.

पुढे युरोपात जुन्या गाड्यांसाठी इतर स्पर्धा निघाल्या. मोनॅकोला १९९७ पासून ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. तेथे गाड्यांचे वयानुसार गट पाडतात, म्हणजे नातवाशी आजोबाला पळावे लागत नाही. १९७८ च्या आयोजकांना जे सांभाळता आले नाही, ते येथे नियमातच बसवले.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. इतिहास शिकवताना आपण बहुधा जगज्जेत्यांची यादी पाठ करून घेतो. त्या यादीत ट्रिमर नाही, विल्सनही नाही. पण त्या दोघांच्या अंगी काय होते हे जगाला दिसले ते टाकून दिलेल्या गाड्यांमुळे, आणि त्या गाड्यांना कोणीतरी मैदान दिले म्हणून. आपल्या वर्गातही पहिल्या परीक्षेत मागे पडलेली मुले असतात. त्यांना दुसरे मैदान कोणते देता येईल, याचा विचार व्हावा.