विजेच्या हमीभावाची कुळकथा

वीज नियामक आयोगाच्या आदेशांत ‘फीड-इन टॅरिफ’ हा शब्द आपण वाचतो आणि तो इंग्रजीचा मानून पुढे जातो. त्याचं कुळ जर्मन आहे. जर्मन भाषेत ‘श्पाइझं’ म्हणजे अन्न, ‘आइनश्पाइझन’ म्हणजे आत भरवणं. छोट्या उत्पादकाने सार्वजनिक तारांत वीज भरवायची आणि तिचा ठरलेला मोबदला घ्यायचा, असा हा व्यवहार. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर विजेचा हमीभाव.

त्याची सुरुवात झाली ती पाणचक्कीवाल्यांच्या अडचणीतून. दक्षिण जर्मनीत, विशेषतः बव्हेरियात, ओढ्यानद्यांवर जुन्या पाणचक्क्या होत्या. दळणं थांबली तशी मालकांनी त्याच पाण्यावर जनित्रं चालवली. घरापुरती वीज वापरून उरलेली विकायची कुणाला? गावात तारा एकाच कंपनीच्या, त्यामुळे गिऱ्हाईकही एकच. ती देईल तो भाव घ्यायचा. नाशवंत माल घेऊन एकाच व्यापाऱ्याच्या दारात उभं राहणं काय असतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

या चक्कीवाल्यांची बाजू संसदेत लावून धरली मातियास एंगेल्सबेर्गर यांनी. ते बव्हेरियातल्या पुराणमतवादी सीएसयू पक्षाचे. त्यांना साथ मिळाली वोल्फगांग डानिएल्स यांची. ते हरित पक्षाचे. एरवी हे दोन पक्ष एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेने अणुविजेवरचा विश्वास उडालेला होता. विषय तापलेला होता. त्यातूनच अशी वीज विकत घेण्याची सक्ती करणारा ७ डिसेंबर १९९० चा कायदा आला आणि १ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. कलमं अवघी पाच. सार असं : कंपनीने आपल्या हद्दीतली पाण्याची, वाऱ्याची, उन्हाची वीज घेतलीच पाहिजे, आणि ग्राहकांकडून तिला युनिटमागे सरासरी जे मिळतं, त्याच्या ९० टक्के वारा व उन्हाच्या विजेला, तर छोट्या जलविजेला किमान ७५ टक्के दिले पाहिजेत.

नवीकरणीय वीज सक्तीने घ्यायला लावणारा कायदा अमेरिकेने १९७८ मध्येच केला होता. पण तिथे भाव ठरायचा तो कंपनीचा किती खर्च वाचला यावर. जर्मनीने तो ग्राहकाच्या दराशी बांधला. वाऱ्याला हा भाव परवडला आणि उत्तरेकडच्या किनारी शेतांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सौर विजेचं मात्र भागेना. युनिटमागच्या सतरा-एक फेनिगमध्ये (फेनिग म्हणजे जर्मन मार्कचा शंभरावा भाग) तेव्हाच्या पॅनेलचा खर्च निघणं शक्यच नव्हतं.

इथे कथेत आखन शहर येतं. तिथल्या सौरऊर्जा संघटनेचे वोल्फ फॉन फाबेक यांनी साधा प्रश्न मांडला : उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव का देऊ नये? हिशेब त्यांनी उघड मांडला. एक किलोवॉटचं छत तिथल्या उन्हात वर्षाला साधारण ८०० युनिट देतं. युनिटला २ मार्क धरले तर वर्षाचे १,६०० मार्क, वीस वर्षांचे ३२,००० मार्क. हा पैसा सरकारी तिजोरीतून न घेता शहरातल्या सगळ्या वीजबिलांवर जास्तीत जास्त एक टक्का वाढवून उभा करायचा. आखनच्या नगरपरिषदेने १९९२ मध्ये ठराव केला, पण अंमलबजावणीला १९९५ उजाडलं. दरम्यान १९९३ मध्ये हामेलबुर्ग या छोट्या शहराने असा भाव देऊनही टाकला. तिथले नगरसेवक होते हान्स-योझेफ फेल.

हेच फेल पुढे खासदार झाले आणि दुसरे खासदार हेर्मान शेअर यांच्यासोबत २००० च्या नव्या कायद्याचे शिल्पकार ठरले. सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग, वीस वर्षांची हमी, आणि नव्याने येणाऱ्या प्रकल्पांसाठी दरवर्षी पाच टक्क्यांनी उतरता भाव. त्या वर्षी जर्मनीच्या विजेत नवीकरणीय वाटा सहा-एक टक्के होता. २०२३ मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. मोठ्या प्रकल्पांसाठी २०१७ पासून लिलाव आले. लिलावात हरण्याची जोखीम शेतकऱ्यांच्या छोट्या सहकारी संस्थेला झेपत नाही; छोट्या छतांना म्हणूनच ठरलेला भाव ठेवावा लागला.

आपल्याकडे महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये पवनविजेला युनिटमागे ३ रुपये ५० पैसे आणि तेरा वर्षं दरसाल १५ पैशांची वाढ ठरवून दिली. पठारांवर पवनचक्क्या दिसू लागल्या, पण त्या बहुतांशी बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या. २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या पहिल्या घटकाने शेतकरी, सहकारी संस्था, पंचायती यांना ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून पंचवीस वर्षांच्या कराराने वीज विकण्याची वाट दिली आहे.

शेतमालाच्या हमीभावाने आपल्याला एक धडा दिलाय : भाव जाहीर होणं वेगळं आणि माल उचलला जाणं वेगळं. जर्मन पाणचक्कीवाल्याला तारलं ते आकड्याआधी ‘घेतलीच पाहिजे’ या शब्दांनी. तुमच्या गावात सौर प्रकल्पाचा कागद येईल तेव्हा दराचा रकाना नंतर वाचा. आधी तीन गोष्टी शोधा : वीज घेण्याचं बंधन कुणावर, किती वर्षांसाठी, आणि पैसे किती दिवसांत.