गाडीचा ‘चेक इंजिन’ लाइट लागलाय? गॅरेज गाठण्याआधी घरीच हे तपासा

बदलापूरहून काटई नाक्याकडे निघालात. ट्रॅफिकमध्ये गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगतेय आणि अचानक मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र उजळतं. गाडी तर नीट चालतेय. मग थांबायचं की पुढे जायचं?

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात, तर काही जण थेट गॅरेजमध्ये जाऊन ‘सेन्सर गेलाय’ हे ऐकतात आणि पैसे मोजतात. दोन्ही गोष्टी महागात पडू शकतात. खरं तर बिघाड कुठे असावा याचा पहिला अंदाज तुम्हाला घरच्या पार्किंगमध्येच घेता येतो.

हा लाइट नेमकं काय सांगतो?

गाडीतला छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, इंजिनावरच्या सेन्सरकडून सतत माहिती घेत असतो. हवा, इंधन, स्पार्क किंवा धूर यांपैकी एखादं गणित चुकलं की तो एक कोड साठवतो आणि लाइट लावतो. या यंत्रणेला ओबीडी म्हणतात. भारतात तिचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यामुळे २०१३ नंतरच्या गाडीचा कोड साध्या स्कॅनरनेही सहसा वाचता येतो.

आधी लाइटचा रंग बघा

- पिवळा आणि स्थिर: गाडी नेहमीसारखी चालत असेल तर सावकाश घरी जा. एक-दोन दिवसांत कोड तपासा.
- पिवळा आणि लुकलुकणारा: इंजिन मिसफायर होतंय. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, म्हणून तो महाग असतो. ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.
- लाल: ऑइलचा कॅन किंवा तापमानाचं चिन्ह लाल झालं तर सुरक्षित जागी लगेच थांबा. ‘घर जवळच आहे’ म्हणून गाडी दामटू नका.

बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफचा वेगळा लाइट असतो. घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या मारल्या की फिल्टरमध्ये काजळी साचते आणि ती जाळायला इंजिनाला पुरेशी उष्णता मिळत नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगाने, मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवली की हा लाइट बऱ्याचदा विझतो.

स्कॅनर नसेल तर काय बघाल?

इंजिन थंड होऊ द्या आणि बोनेट उघडा.

१. ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.
२. बॅटरीचं टर्मिनल सैल आहे का, त्यावर पांढरट-हिरवट थर जमलाय का?
३. एअर फिल्टर काढून बघा. रस्त्याच्या कामांची धूळ खाऊन तो लवकर चोंदतो.
४. हवेचे रबरी पाइप फाटलेत का, एखादं कनेक्टर निसटलंय का? नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर इथून सुरुवात करा.
५. वायर कुरतडल्यात का? सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर हे लाइट लागण्याचं अगदी खरं कारण आहे.

‘पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा’ हा सल्ला इंटरनेटवर सगळीकडे दिसतो. तो मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांसाठी आहे. टाकीतून पेट्रोलची वाफ गळतेय का, हे गाडीनेच तपासणं तिथे बंधनकारक आहे. झाकण जरूर बघा, पण आपल्याकडे त्यावरच विसंबू नका.

कोड कसा वाचायचा?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांपासून मिळतो आणि मोबाइल ॲपशी जोडता येतो. आयफोन असेल तर घेण्याआधी तो आयफोनवर चालतो ना, हे विचारा. इग्निशन ऑन करा, ॲप जोडा आणि दिसलेल्या कोडचा आधी स्क्रीनशॉट काढा. नेहमी दिसणारे कोड असे:

- पी०३०० ते पी०३०४: मिसफायर. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त किंवा अनिश्चित सिलिंडर. आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघा.
- पी०१७१: हवा जास्त, इंधन कमी. फाटका पाइप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा इंधनाचा कमी दाब.
- पी०११३: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट. अनेकदा पिनच सैल असते.
- पी०४२०: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. तो बदलण्याआधी सायलेन्सरची गळती, ऑक्सिजन सेन्सर आणि मिसफायर तपासून घ्या.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कोड बिघाडाची दिशा दाखवतो, कोणता पार्ट बदलायचा हे तो सांगत नाही. समजा पी०३०१ आला आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल आहे. इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पुसून छोटी फेरी मारा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलमध्येच आहे. पी०३०१ च राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर बघावा लागेल. फेरीत लाइट लुकलुकला तर लगेच थांबा.

गाडी सीएनजीवर असेल तर

सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीचा स्पार्क लागतो, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवर दगा देतो. गाडी पेट्रोलवर करून बघा. झटके थांबले तर प्लग, कॉइल किंवा किटचं ट्यूनिंग यांच्यावर संशय घ्या. गॅसच्या पाइपला आणि किटला मात्र घरी हात लावू नका. ते काम अधिकृत सेंटरचंच.

पाण्यातून गाडी काढली असेल तर

जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांना पाणी नवं नाही. पार्किंगमधली गाडी बुडाली असेल तर चावी फिरवूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान बहुतेकदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.

कोड पुसला म्हणजे काम झालं?

नाही. ॲपमधून कोड पुसला किंवा बॅटरी काढली तर लाइट विझतो, बिघाड तसाच राहतो. शिवाय कोड साठवताना इंजिनाची स्थिती काय होती ही नोंदही जाते आणि मेकॅनिकला पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं. दोष खरंच दुरुस्त झाला असेल तर सहसा सलग तीन फेऱ्यांमध्ये तो न दिसल्यावर लाइट आपोआप विझतो. पीयूसी पास झालं म्हणून निर्धास्त राहू नका. त्या चाचणीत सायलेन्सरचा धूर तपासतात, हे कोड वाचत नाहीत.

मग गॅरेजला कधी जायचं?

लाइट लुकलुकत असेल, लाल चिन्ह असेल, पेट्रोलचा वास येत असेल किंवा कोड पुन्हापुन्हा येत असेल तर नक्की जा. वॉरंटीतल्या गाडीची कुठलीही वायर किंवा पार्ट स्वतः काढू नका. पण जाताना स्क्रीनशॉट सोबत ठेवा आणि ‘सेन्सर गेलाय’ असं ऐकलंत तर एवढंच विचारा: ‘वायर आणि कनेक्टर तपासलंत का? सेन्सरच खराब आहे हे कशावरून?’ नीट काम करणारा मेकॅनिक याचं उत्तर आनंदाने देईल.