बाख पुष्पौषधी
बाख पुष्पौषधी ही ब्रिटिश डॉक्टर एडवर्ड बाख (१८८६–१९३६) यांनी मांडलेली पर्यायी उपचारपद्धती आहे. तीत ३८ द्रावणे असून, बहुतेक द्रावणांसाठी फुले पाण्यात घालून उन्हात ठेवतात किंवा उकळतात आणि तो अर्क ब्रँडीत मिसळून विरल करतात. बाख यांच्या सात गटांपैकी एक अतिसंवेदनशील व्यक्तींसाठी आहे. त्यात ॲग्रिमनी, सेंटॉरी, वॉलनट व हॉली येतात. अधीरतेसाठीचे इम्पेशन्स हिमालयातील तेरड्यापासून बनते. भंडारदरा परिसरात पावसाळ्यात फुलणारा तेरडा त्याच प्रजातीतील, परंतु निराळ्या जातीचा आहे. नियंत्रित चाचण्यांच्या आढाव्यांत या द्रावणांचा परिणाम प्लासिबोहून अधिक आढळलेला नाही. त्यामुळे नैराश्य वा तीव्र चिंता असल्यास ती वैद्यकीय उपचारांना पर्याय ठरत नाहीत.